मोडलेल्या कोयत्याची दुसरी प्रत

पटो वा न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या बाबतीत, आणि तेही भरदुपारी.

यंदाच्या चैत्रातला रविवार. परळी.

दिंद्रुडची आमची ही तेजश्री परळीतल्या एका खासगी ऑफिसात सर्व्हर सांभाळते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांच्या नोंदी तिथे असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एका कोयत्याची एक फाइल. त्यात दोघांनी नाव-गाव सांगितल्याचा व्हिडिओ. जोडीतलं कुणी वारलं की ती फाइल ‘मोडलेले कोयते’मध्ये जाते.

त्या दिवशी तिला स्टोरेजचे प्रोफाइल बनवायचे होते. म्हणजे कुठला डेटा वेगवान डिस्कवर, कुठला जुन्या, कशाच्या दोन प्रती, कशाची एकच, हे एकदा ठरवून द्यायचं. पुढे मशीन त्याप्रमाणे चालतं.

साहेबांनी, विजयसिंहांनी, बजावलं होतं, “मोडलेले कोयते जुन्या डिस्कवर टाक. एकच प्रत. मेलेल्यांसाठी जागा कशाला अडवायची?”

तिला ते लागलं. कारण शनिवारीच भिवराबाई येऊन गेली होती.

“ताई, आमचे मालक उसाच्या फडातच गेले. घरात त्यांचा एक फोटो न्हाई. तुमच्या मशीनीत हायेत म्हनं. एकदा दावा की.”

“आज मशीन बंद आहे, मावशी. सोमवारी या. नक्की दाखवते.”

पण नोकरी ती नोकरी. तेजश्रीने ‘एक प्रत’ निवडलं. सेव्ह केलं.

खच्च...

ऊस तुटल्यासारखा आवाज. सर्व्हरच्या रॅकमागून.

तिने स्क्रीनकडे पाहिलं. सगळ्या फाइलींपुढे ‘एक प्रत’. फक्त एकीपुढे ‘दोन प्रती’.

बंकट आणि भिवराबाई.

आपलंच चुकलं असेल, म्हणून तिने पुन्हा बदललं.

खच्च... खच्च...

पुन्हा ‘दोन प्रती’.

आणि एसीची घरघर थांबली. पंखेही गप्प. दिवे मात्र चालूच होते. खोलीत उसाच्या ओल्या पाचटाचा वास यायला लागला...

“कोण आहे?”

तिने खाली फरशीकडे पाहिलं.

परळीच्या वीजकेंद्राची राख दार बंद असलं तरी आत येतेच. फरशीवर तिचा पातळ थर होता. त्यात तेजश्रीच्या चपलांशिवाय एकही ठसा नव्हता.

तिने तिसऱ्यांदा हात उचलला.

खच्च... या वेळी अगदी खुर्चीमागे.

पर्स तिथेच टाकून ती पळाली.

सोमवारी सकाळी जुनी डिस्क उघडेचना. मोडलेल्या कोयत्यांच्या सगळ्या फाइली गेल्या.

एक सोडून. तिची दुसरी प्रत चांगल्या डिस्कवर होती. ती कुणी केली, त्या नावाची जागा लॉगमध्ये कोरी होती.

अकराला भिवराबाई आली. तेजश्रीने व्हिडिओ लावला. दोन वर्षांपूर्वीचा. तेव्हा तेजश्री पुण्यात शिकत होती, या ऑफिसाचं नावही तिने ऐकलं नव्हतं.

पडद्यावर बंकट टोपी नीट करतो. मग प्रश्न ऐकू येतो...

“कोण आहे?”

आवाज तेजश्रीचा होता. घाबरलेला.

बंकट सरळ समोर बघत म्हणाला, “मी बंकट, बाई. भिऊ नका. आमचं दोघांचं जपून ठिवा.”

भिवराबाईने पदराने स्क्रीन पुसली. “असंच बोलायचे बघा. लई हळू.” आणि ती पोटभर रडली.

तेजश्री अजून तिथेच आहे. पण रिकाम्या खोलीत कसलाही आवाज आला, तरी ती ‘कोण आहे?’ असं विचारत नाही.