काचेपलीकडून हाक

फोनवरची लाट पुन्हा आपोआप सुरू झाली आणि नेत्रा भाटकरने कपाळाला हात लावला.

"मॅडम, याला काय झालंय तेच कळत नाही! मी बोटसुद्धा लावलं नाही आणि हे आपलं सुरू!"

रत्नागिरीजवळच्या त्या सागरी संशोधन केंद्रात नेत्रा सकाळपासून एका माकुळीच्या टाकीसमोर बसली होती. माकूळ म्हणजे तीच, जी बाजारात वाट्यावर मिळते. पण जिवंतपणी तिच्या कातडीवर जे चालतं ते एकदा पाहिलं, तर कालवण घशाखाली उतरायचं नाही. कातडीतले हजारो ठिपके क्षणात मिटतात, उघडतात आणि अंगावरून काळ्या-पांढऱ्या लाटा धावतात. हे तिचं बोलणंच आहे, असं केंद्रातल्या डॉ. मुमताज काझींचं ठाम मत. त्यांनी टाकीच्या काचेला 'छटापट' चिकटवला होता, म्हणजे माकुळीच्या डोळ्याला नीट दिसेल असा प्रकाश देणारा पातळ पडदा. फोनवर बोट फिरवलं की पटावर लाट उमटायची. माकुळीने अंगावर उत्तर दिलं, की कॅमेरा ते टिपून फोनवर दाखवणार होता. या ॲपचे पडदे रेखाटायचे आणि त्यांच्यात हालचाल भरायची, हे नेत्राचं काम.

संध्याकाळी शहरातल्या नव्या मत्स्यालयाची गाडी येणार होती. मत्स्यालयाला हा ॲपचा नमुना पसंत पडला की माकूळ गाडीत आणि नेत्राच्या हातात आयुष्यातलं पहिलं मोठं काम.

सुरुवातीला तिने नमुन्यात झकास निळे-केशरी रंग भरले होते. काझी मॅडम पोट धरधरून हसल्या होत्या. "अगं, तिला रंग दिसतच नाहीत! उजेड, अंधार आणि हालचाल, बस्स." मग नेत्राने सगळा जीव हालचालीत ओतला. लाट हळू निघावी, मध्ये वेग घ्यावा, शेवटी अलगद विसावावी. या चढउताराला ती 'वेगवळण' म्हणायची. कॅमेरा जोडला जाईपर्यंत माकुळीची उत्तरंही तिनेच काढून ठेवली होती. खोटीच, पण हुबेहूब.

आणि आता हा ताप. सकाळी तिने पटावर चालवून पाहिलेली नमस्काराची लाट मनाला येईल तेव्हा फोनवर उमटत होती. नेत्राने ॲप बंद करून चालू केलं. लाट आली. सगळ्या जोडण्या तपासल्या. लाट आली. शेवटी वैतागून तिने आपण काढलेली उत्तरं एकूण एक पुसून टाकली.

लाट आलीच.

"मॅडम, आत काही उरलेलंच नाही. मग हे येतंय कुठून?"

काझी मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "कॅमेरा मी काल जोडला की. तुला सांगायचं राहिलं वाटतं."

दोघींनी एकदमच टाकीकडे पाहिलं. माकूळ काचेला अगदी खेटून होती. डोक्यापासून मागच्या टोकापर्यंत तिच्या अंगावरून लाट गेली. हळू निघाली, वेग घेतला, अलगद विसावली. नेत्राचंच वेगवळण! मग ती वाट पाहत थांबली. थोड्या वेळाने पुन्हा लाट.

नेत्राच्या अंगावर सर्रकन काटा आला. "ही मला हाक मारत होती? सकाळपासून? आणि मी मेली दर वेळी ॲप बंद करत बसले!" तिचे डोळे भरून आले. तिने नमस्कार पाठवला. त्याबरोबर माकुळीचं सारं अंग असं काही फुललं, की काझी मॅडमसारखी शिस्तीची बाई "या अल्लाह!" म्हणत मटकन खुर्चीत बसली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"मॅडम, तिलाच विचारू या का? जायचंय का म्हणून?"

"शहर तिला काय कळणार? टाकी धुताना आपण तिला ज्या डब्यात ठेवतो तो डबा कळेल. दूर जाणं कळेल." मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "पण नेत्रा, विचारलंस की ऐकावं लागेल. तुझं काम जाईल."

"जाईल ना," नेत्रा म्हणाली. तिचा हात चालू लागला. फोनवर तिने डबा रेखाटला, डब्यात माकूळ रेखाटली आणि तो डबा लहान होत होत पडद्याच्या कडेला नाहीसा केला. 'हवं' असेल तर लाट पूर्ण धावते आणि 'नको' असेल तर अर्ध्यावर थांबते, एवढी भाषा मॅडमनी कोळंबी दाखवून, खेकडे दाखवून माकुळीशी आधीच जुळवली होती. नेत्राने प्रश्न पाठवला.

माकूळ काळीठिक्कर पडली. मग एक लाट निघाली आणि बरोब्बर अर्ध्यावर थांबली. पुन्हा विचारलं, पुन्हा अर्ध्यावर. डब्याऐवजी कोळंबी दाखवली, तर लाट टोकापर्यंत गेली.

"प्रश्न समजून सांगतेय गं," मॅडम पुटपुटल्या.

तेवढ्यात मत्स्यालयाचे व्यवस्थापक पोंक्षे घाम पुसत आत आले. "काय मंडळी, ॲप चालतंय ना?"

"चालतंय. फारच छान चालतंय," नेत्रा म्हणाली.

"मग उचलू या."

"तिने नको म्हटलंय."

पोंक्षे मोठ्याने हसले. नेत्राने फोन त्यांच्यापुढे धरला आणि प्रश्न परत पाठवला. त्यांनी फोनमध्ये डबा दूर जाताना पाहिला, मग टाकीत लाट अर्ध्यावर थांबताना पाहिली आणि त्यांचं हसू ओसरलं. आवाजही खाली आला.

"पण तिला विचारायला सांगितलं कोणी होतं?"

"कोणीच नाही," नेत्रा म्हणाली. "पण आता विचारता येतं, सर. मग न विचारता कसं न्यायचं, तुम्हीच सांगा?"