रोजचं गिऱ्हाईक

दिवाळीच्या दिवशी राजापेठेतल्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात मुहूर्ताचे सौदे चालले होते, आणि त्यांचे फोटो काढायला सुगत आला होता. काढायचे होते मालकांचे, पण कॅमेरा सारखा ज्योत्स्नाकडे वळत होता. ती तिथं गिऱ्हाइकांची खाती सांभाळायची.

"माझे काहून काढून राहिले?" तिनं दटावलं.

"उजेड तिकडंच हाय, मॅडम... मी काय करू?"

शगुन म्हणून त्यानंही थोडे शेअर घेतले. तासाभरात भाव चढला, आणि दिवाळी सरताच स्वारी पुन्हा दारात हजर! आता त्याला रोजचे सौदे करायचे होते — सकाळी घ्यायचं, दुपारी विकायचं.

ज्योत्स्नानं नेहमीचा प्रश्न विचारला, "हे पैसे कशासाठी ठेवले होते?"

"अकोल्यात सोताचा स्टुडिओ टाकाचा हाय. उन्हाळ्यापर्यंत."

तिथंच त्याला थांबवायला हवं होतं. ज्या पैशाचं काम ठरलेलं आहे, तो या खेळात लावू नये, चार दिवसांच्या चढउतारात भलेभले तोंडघशी पडतात, हे ती येईल त्याला बजावायची. कित्येकांना तिनं बँकेत परत पाठवलं होतं. शब्द ओठांवर आले... पण पैसे बँकेत गेले, की हा माणूस हा जिना पुन्हा चढणार कधी? थेट पुढच्या दिवाळीला! जीभ रेटलीच नाही.

"जोखीम आहे हं," एवढंच ती पुटपुटली. आणि वर हसली.

मग तो रोज येऊ लागला. बाहेर थंडी, आत आल्याचा चहा, आणि तो संत्रं सोलून अर्धं तिच्यापुढे सरकवणार.

"मोबाइलवरही होते हे सारं," ती म्हणायची.

"मोबाइल चहा इचारत नाही."

"मी तरी कुठं विचारला?"

"आता इचारसान ना..."

ती लाजून स्क्रीनकडे बघायची. सुरुवातीला नफा झाला, तिथंच घात झाला. मग तोटा आला, तो भरून काढायला मोठा सौदा, त्याच्यावर आणखी मोठा. "आता पुरे," असं ती म्हणाली खरी, पण फार उशिरा. होळीपर्यंत स्टुडिओ बुडाला होता.

अकोल्यात दुसऱ्याच्या स्टुडिओत नोकरी धरून तो निघाला. ज्योत्स्ना बसस्टँडवर धावत आली.

"मले पहिल्याच दिवशी माहीत होतं, हे तुमच्यासाठी नाही. सांगितलं असतं, तर तुमी आले नसते... म्हणून गप बसली."

सुगतनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"मले शेअरमधलं काय समजते, ज्योत्स्ना? तू बँकेत ठेवा म्हणली असती, तर मी व्याज इचाराले रोज आलो असतो."

"मंग बोलले काहून नाही?"

"स्टुडिओ झाला, की तुह्या घरी मागणं घालाले येणार होतो. लवकर व्हावा म्हणून तर घाई केली."

"आताही या ना... मी बाबांशी बोलते."

"रिकाम्या हातानं? नाही... मले नाही जमणार."

कंडक्टरनं घंटी मारली. तो चढला, खिडकीशी बसला, पण त्यानं मान वळवली नाही. आपलं लग्न आपणच मोडलं, हे ज्योत्स्नाला बस सुटल्यावर कळलं.