तिसऱ्यांदा हिरवं झालेलं नाणं

त्याने माझ्या टेबलावर नाणं ठेवलं, खिशातून अर्धं लिंबू काढलं आणि पिळायला घेतलं. मी झटकन त्याचं मनगटच धरलं. ओळख ना पाळख!

"अहो, हे काय करताय?"

"आजीच्या पेटीतलं आहे. म्हटलं, देण्याआधी जरा चकचकीत करावं."

"लिंबाने अक्षरं जातील! हा गुळगुळीत, काळपट हिरवा थर राहू द्यायचा असतो. आजार हा आहे –" मी सुईने एक फिकट पोपटी ठिपका टोकरला. पिठासारखी भुकटी पडली. "आत मीठ शिरलंय. असंच सोडलं तर तांबं पोखरून टाकेल."

"बरं... आता मनगट सोडता का, डॉक्टरीणबाई?"

माझे कान तापले.

तो मशामू. किल्वा बंदराच्या धक्क्यावरून समोरच्या बेटावर होडी नेणारा. मी सोमोए, संग्रहालयात वर्षभराच्या करारावर. गावातली जुनी नाणी बरी करायची, नोंदवायची आणि परत द्यायची, एवढंच काम.

महिनाभर नाणं स्वच्छ पाण्यात राहिलं. मी रोज पाणी बदलायची, आणि तो रोज यायचा. "पेशंट जेवला का?" असं विचारत तांदळाचे गरम वितुंबुआ, आप्प्यांसारखे गोड, पुढे करायचा.

"काय लिहिलंय त्यावर?" एकदा त्याने विचारलं.

"एका बाजूला सुलतानाचं नाव, दुसऱ्या बाजूला देवाचं. दोन्ही ओळींचं यमक जुळतं."

"म्हणजे एक बाजू एकटी अर्धीच..." तो म्हणाला, आणि नाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला.

नाणं बरं झालं. मी म्हटलं, "घेऊन जा." त्याचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना. दारात सावली पडली की मान वर व्हायची.

पंधरा दिवसांनी तो आला. नाणं पुन्हा पोपटी हिरवं! मी पुन्हा महिना घालवला, बरं करून परत दिलं. मात्र पहिल्या उपचारापुढे नोंदवहीत 'उपचार फसला' असं लिहावं लागलं, आणि दार एस सलामच्या मुख्य कचेरीतल्या मोठ्या बाईंचा निरोप आला: गुरुवारी येते. ते नाणं बघेन, मग करार वाढवायचा का ते ठरवू.

बुधवारी मशामू नाणं घेऊन आला. "सोमोएबाई, परत तसंच..."

मी नाणं पाण्यात टाकलं, थोड्या वेळाने त्या पाण्यात औषधाचा थेंब सोडला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मीठ! पण मागच्या वेळी मी तीनदा तपासलं होतं, पाणी काचेसारखं होतं.

"कुठे ठेवता हे?"

"कपाटात."

"कपाटात समुद्र येतो?"

तो हळूच म्हणाला, "होडीला बांधून सोडलं होतं. तीन-तीन दिवस."

"का?"

"बरं झालं की तुम्ही 'घेऊन जा' म्हणता. मग मी काय सांगून यायचं?"

"माझी नोकरी चाललीय, मशामू!" मला रडूच फुटलं.

तो हबकला. "शपथ... मला ठाऊक नव्हतं."

मी नोंदवही त्याच्याकडे ढकलली. "लिहा. स्वतःच्या हाताने."

त्याने लिहिलं आणि खाली मान घालून गेला. रात्रभर मी कूस बदलत होते. राग त्याचाच येत होता आणि आठवणही त्याचीच.

गुरुवारी मोठ्या बाईंनी चष्मा लावून वाचलं. 'आजाराचं कारण: मालकाने नाणं दोनदा समुद्रात बुडवलं. डॉक्टरीणबाईंची चूक नाही. मालक त्यांच्या प्रेमात आहे.'

बाईंनी माझ्या करारावर सही केली. मग वहीवर बोट ठेवलं. "पुढच्या उपचाराचा रकाना रिकामा का?"

खिडकीबाहेर पांढऱ्याशुभ्र, पायघोळ कांझूत मशामू सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. मी पेन उचललं. रकाना भरून वही पुढे सरकवली.

बाईंनी माझं लिहिलेलं वाचलं, उठून खिडकी उघडली आणि खणखणीत आवाजात बाहेर वाचून दाखवलं:

"नाणं महिनाभर पाण्यात. मालकाने घरच्या मोठ्या माणसांना मागणी घालायला पाठवावं. उशीर करू नये."