तिसऱ्या घंटेची तक्रार

तक्रार करायला येणारा माणूस जिन्यावरच ओळखू येतो. दर गुरुवारी संध्याकाळी आमचा घंटांचा सराव असतो, आणि चर्चच्या मनोऱ्यातला तो गोल जिना आजवर पुष्कळ जण तणतणत चढून आलेत. कुणाचं बाळ झोपत नाही, कुणाचा कुत्रा रडतो. वर पोचेपर्यंत त्यांचा निम्मा राग धापेत जातो. मग मावशी त्यांना स्टुलावर बसवते, पाणी देते, आणि उरलेला निम्मा पाण्याबरोबर पोटात जातो.

हा मात्र सावकाश चढला. दारात येऊन उभा राहिला... उंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांवर स्वेटर. आम्हा पाच जणांकडे त्याने बघितलं, आमच्या पाच दोऱ्यांकडे बघितलं, आणि मग हुकाला गुंडाळून टांगलेल्या एका दोरीकडे बघतच राहिला.

आपण समोरच्या इमारतीत नवे आहोत, रात्रपाळीचे नर्स आहोत, रविवारी सकाळी घरी येऊन आडवं व्हावं तर इकडे घंटा सुरू होतात, असं त्याने सांगितलं. मावशीने सवयीने स्टूल पुढे सरकवलं.

"आवाजाचं काही नाही हो," तो म्हणाला. "आवाजात मी घोरतो. पण पहिली वाजते, दुसरी वाजते, आणि मग... काहीच नाही. एकदम चौथी. त्या मधल्या जागेत मला जाग येते, आणि मी वाट बघत पडून राहतो. काय असेल ती एकदाची वाजवून टाका ना."

चौथी घंटा वाजवणारे बेकरीवाले काका हसू दाबायला खिडकीकडे वळले. मावशी हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं, आणि मी जमिनीकडे.

सांगूनच टाकते, उगाच कोडं नको. तिसरी घंटा माझ्यापायी बंद पडली होती. म्हणजे मी ती फोडलीबिडली नव्हती. ती जो वाजवायचा त्याचं आणि माझं जमलं होतं, आणि अख्ख्या चर्चने मनातल्या मनात आमचं लग्न लावूनही टाकलं होतं. मग बिनसलं. तो दुसऱ्या चर्चला जाऊ लागला. माणूस गेल्याचं दुःख वर्षभरात ओसरलं, पण घंटा गेल्याचं काही ओसरेना. मला कुणी बोल लावला नाही, आमची माणसं तशी नाहीत. तरी दर रविवारी एक, दोन, खड्डा, चार, पाच, सहा असं वाजायचं, आणि माझं मोडलेलं लग्न साऱ्या वस्तीला ऐकू जायचं.

पाचच सलग वाजवू या, तो खड्डा बुजवून टाकू, असं मी मावशीला कितीदा म्हटलं. मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, पहिली घंटा तिची आणि मनोऱ्यातला शब्दही तिचाच. ती म्हणायची, जागा भरून टाकली तर येणारा बसेल कुठे?

तर त्या दिवशी मावशीने त्याला ना धर्म विचारला, ना गाव. गुरुवारी संध्याकाळी ड्यूटी असते का, एवढंच विचारलं. नसायची.

"मग तूच वाजव ती," मावशी म्हणाली. "शिकवू आम्ही."

"मी चर्चला वगैरे जात नाही," तो म्हणाला.

"दोरीला ते कुठे ठाऊक असतं?"

काकांनी तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं. तेव्हापासून तो आमच्याकडे 'तक्रारदार' झाला. शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझी शिकवण्याची हातोटी चांगली आहे, असं मावशीने कारण दिलं. तिच्या मनात काय होतं ते तिलाच माहीत.

आता घंटा शिकवायची म्हणजे कशी, ते ऐका. घंटा दिसत नाही. ती वरच्या मजल्यावर असते आणि छताच्या भोकातून नुसती दोरी खाली येते. दोरीवर एका जागी लोकरीचा जाड, मऊ पट्टा असतो. तो ओढला की वर घंटा पूर्ण गोल फिरते आणि पट्टा हातातून सरकन निसटून जातो. मग दोरीचं टोक ओढायचं, की घंटा उलटी फिरून परत येते. सुरुवातीला शिकणारा टोक सांभाळतो आणि शिकवणारा पट्टा. दोघं समोरासमोर, दोरी एकच. आणि वर अजिबात बघायचं नाही, बघितलं की हात चुकतो.

"मग बघायचं कुठे?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे."

त्याने बघितलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हा माझा धंदाच आहे, तेव्हा मला त्याचं काही वाटायला नको होतं.

"किती वेळ बघायचं?"

"घंटा थांबेपर्यंत."

"आणि मग?"

"मग चहा," मी म्हटलं, आणि माझा हात पट्ट्यावरून किंचित घसरला.

चहा खालच्या हॉलमध्ये असायचा. खरं सांगायचं तर आमच्या चर्चचा निम्मा संसार त्या चहाच्या टेबलाभोवतीच चालतो. रविवारी उपासना आटोपली की पाळकबाई झगा काढून स्वतः किटली उचलतात. तक्रारदार पहिल्यांदा तिथे आला तेव्हा त्यांनी त्याला स्वागताचा चकार शब्द ऐकवला नाही, थेट खुर्च्या लावायला सांगितलं. ज्याने खुर्च्या लावल्या तो पाहुणा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे तो घंटा वाजवून झाल्यावर उपासनेलाही थांबू लागला, शेवटच्या रांगेत. रात्रपाळीहून आलेला, एकदा प्रवचनात चक्क झोपला. शेजारच्या आजींनी आपली शाल काढून त्याच्या अंगावर घातली आणि पाळकबाईंनी आवाज थोडा खाली घेतला. मी पुढच्या रांगेतून वळून हे बघितलं, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं की आपलं काही खरं नाही.

तो भराभर शिकला. सगळ्यांबरोबर वाजवायला लागला, तिसरीचा खड्डा भरला, आणि दुकानात येणारी गिऱ्हाईकंसुद्धा विचारू लागली की घंटा दुरुस्त केली का. मी हो म्हणायची.

घोटाळा पुढेच झाला. ओळीने वाजवताना प्रत्येकाने आपल्या आधीच्या माणसाकडे बघायचं असतं. तिसरीच्या आधी दुसरी, म्हणजे मी. तिथवर सगळं छान होतं. पण मध्येच मावशी क्रम बदलते. ती म्हणते, "तिसरी, चौथीच्या मागे." म्हणजे त्याने आता काकांकडे बघायचं आणि काकांच्या मागून वाजवायचं. हा बघायचा माझ्याकडेच. मग तिसरी आणि चौथी एकाच वेळी आदळायच्या. ढाण्. एकदा नव्हे, दरवेळी. आणि घंटेची चूक काही झाकली मूठ नसते. वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे सोमवारी विचारायचे, काल पुन्हा आदळल्या का.

काकांनी एकदा त्याला अगदी गंभीरपणे विचारलं, मी दिसायला एवढा वाईट आहे का रे?

"नजर चुकते तुमची," मी त्याला म्हटलं.

"चुकत नाही..." तो दोरी गुंडाळत म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

मी हसले नाही. पण जिना उतरताना हसले, आणि काकांनी ते बघितलं. तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो म्हणतात, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

मग एका गुरुवारी सगळे पांगल्यावर मी हॉलच्या मोरीत कप विसळत होते आणि तो पुसून फळीवर ठेवत होता. एक कप त्याने नको तितका वेळ पुसला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. तोवर आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणत होतो.

"नाही," मी म्हटलं.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"विचारूही नका."

नळ बंद करून मी त्याला सगळं सांगितलं. आधीचा तिसरा, जमलं कसं, मोडलं कसं, ती गुंडाळलेली दोरी कुणामुळे टांगलेली होती. आपलं जमेल, मग कधीतरी बिनसेल, मग तुम्हीही जाल, आणि मला पुन्हा एक घंटा घालवायची नाही, असं म्हणाले. तो कप पुसत ऐकत होता.

"म्हणजे मी आवडत नाही, असं नाही," तो म्हणाला.

"तसं मी काही बोलले नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला. फडकं झटकून नीट वाळत घातलं, आणि गेला.

मला तो आवडत होता. भयंकर आवडत होता. शुक्रवारी मी एका सद्गृहस्थांना त्यांच्या बायकोचा चष्मा घालून तक्ता वाचायला लावला. शनिवारी मावशीने विचारल्यावर सांगून टाकलं की नाही म्हटलं, आणि घंटेसाठी म्हटलं. रविवारी तो येणार नाही, हे मी धरूनच चालले होते.

"घंटेच्या नावावर पावती फाडू नकोस," मावशी म्हणाली. "भीती वाटते ती तुला. घंटेला कसली भीती?"

रविवारी मी सगळ्यांच्या आधी वर गेले. पाच दोऱ्या सोडल्या. तिसरीला हात लावला नाही, हुकाला तशीच राहू दिली. मावशी आली, काका आले, पाचवी आणि सहावी वाजवणारे आले. मावशीने घड्याळाकडे बघितलं आणि आपली दोरी हातात घेतली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश चढणारी.

तो आला. डोळे तांबारलेले, स्वेटर उलटा. सगळ्यांना नमस्कार केला, त्यात मलाही केला, तेवढाच. मग हुकाची दोरी सोडली आणि आपल्या जागी उभा राहिला.

आम्ही सुरू केलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. थोड्या वेळाने मावशी म्हणाली, "तिसरी, चौथीच्या मागे." काकांनी सवयीने डोळे मिटून घेतले. आणि त्याने काकांकडे बघितलं. घंटा आदळल्या नाहीत. पहिल्यांदाच चौथी वाजली आणि तिच्यामागून तिसरी, अगदी स्वच्छ. काकांनी डोळे उघडले. मावशीने त्याला परत माझ्या मागे आणलं, तरी त्याची नजर माझ्या दोरीवरच होती, माझ्यावर नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. मी नाही म्हटलं होतं, आणि तरी तिसरी वाजत होती. मला हवं होतं ते हेच. तो माझ्यासाठी आलेला नव्हता, मी नसते तरी आला असता... आणि हे डोक्यात शिरलं तशी मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

मी बघायचं होतं मावशीकडे. दुसरी उशिरा पडली आणि थेट तिसरीवर आदळली. ढाण्.

शाळेत असल्यापासून मी वाजवते, माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी सावरले, आणि पुढच्याच फेरीला पुन्हा बघितलं. पुन्हा ढाण्. आता हिला लागण झाली, काका म्हणाले. त्याने चमकून माझ्याकडे बघितलं. साऱ्या वस्तीने ऐकलं असणार, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

मावशीने मान वळवली नाही. कोरड्या आवाजात तिने हुकूम सोडला.

"दुसरी, तिसरीच्या मागे."

म्हणजे आता मी त्याच्याकडेच बघायचं होतं. तो पुढे, मी मागे. घंटा सुरळीत वाजू लागल्या. थांबण्याआधी सगळ्यांना मूळ क्रमात आणायचं, हा मावशीचा नियम. त्या दिवशी तिने आम्हाला तसंच थांबवलं.

खाली उपासना सुरू झाली. मध्ये एक वेळ येते, तेव्हा पाळकबाई सगळ्यांना एकमेकांशी हात मिळवून शांती द्यायला सांगतात. ज्याच्याशी वाकडं असेल त्याला तर आधी. मग सगळे उठतात, रांगा सोडून फिरतात, आणि आमच्याकडे ते लवकर आटपत नाही. मी मावशीशी हात मिळवला, आजींशी मिळवला, आणि सरळ शेवटच्या रांगेपाशी गेले.

"शांती असो," मी म्हटलं.

"तुम्हालाही," तो म्हणाला. ते 'तुम्हाला' मला टोचलं.

"मी नाही म्हटल्यावर येशील असं वाटलं नव्हतं."

"ती जागा रिकामी राहिली की मला झोप लागत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"आणि उद्या आपलं भांडण झालं तर?"

त्याने खरोखर विचार केला. माझा हात त्याच्या हातातच होता.

"तर तुझ्याशी बोलणार नाही," तो म्हणाला. "पण रविवारी येईन. आलो की घंटा वाजवावी लागेल, खाली उतरलो की हा हात मिळवावा लागेल. किती दिवस अबोला धरणार? तुमच्याकडे सोयच तशी करून ठेवलीय."

"मग गुरुवारचं 'नाही' मी परत घेते," मी म्हटलं.

त्याने हात सोडला नाही. मागे बेकरीवाले काका कधीपासून हात पुढे करून उभे होते.

"आम्हालाही मिळू द्या थोडी शांती," ते म्हणाले.

पाळकबाईंनी गाणं सुरू केलं आणि लोक आपापल्या जागी परतू लागले. मी पुढे गेले नाही, त्याच्या शेजारीच बसले. पहिल्या रांगेत मावशी एकटी होती. तिने मागे वळून बघितलं नाही. शेजारची माझी जागा तिने हाताने साफ केली आणि तिथे आपली पर्स ठेवून दिली.