अनंतावर विषप्रयोग

"खूनच समजा," फाटक उघडतानाच हिंदुराव सायकर म्हणाले. "आणि खुनी मला माहीत हाय. तुम्ही पुरावा द्या, आजच दत्तोबाला कामावरनं काढतो."

दत्तोबा म्हणजे बावीस वर्षं या बागेत राबलेला माळी. आणि बळी होता अनंत. पाषाणमधल्या बंगल्यापुढे सिमेंटच्या मोठ्या कुंडीतलं पुरुषभर उंच झाड. पानं पिवळी, कळ्या न उमलताच गळलेल्या.

खाजगी गुप्तहेर वल्लरी केंजळेचे डोळे चमकले. झाडावरचा गुन्हा तिच्याकडे पहिल्यांदाच आला होता. तिचा सहकारी प्रज्ञेश मात्र नुसताच गोंधळला होता.

"कधीपासून असं झालंय?" तिने विचारलं.

"अनंत चतुर्दशीपर्यंत ठणठणीत होता. यंदा शाडूची मूर्ती होती, विसर्जन इथंच अंगणात केलं, बादलीत. तेव्हा दत्तोबा गावी. तो परतला आणि झाड सुकायला लागलं. बाकी सगळ्या कुंड्या खुरपल्यात, हिलाच हात नाही. विष घातलेली माती कोण खुरपेल?"

शेजारचे पुष्कर कुंपणापलीकडूनच बोलले. "फांदी आमच्या खिडकीत येते, अशी तक्रार केली होती मी. लेखी. विषच घालायचं असतं, तर शुद्धलेखन तपासत कशाला बसलो असतो?"

कुंडीजवळ उभ्या दत्तोबाने मान वर केली नाही. "पाणी रोज घालतो, ताई. वरच ऱ्हातंय."

"मग माती का नाही हलवली?"

तो हातातल्या खुरप्याची माती पुसू लागला.

"बोल की रे," हिंदुराव गरजले.

"हाच तो," प्रज्ञेश कुजबुजला.

वल्लरी कुंडीवर वाकली. कडेला आंबुशीचं तण हिरवंगार होतं. मधोमध करड्या, गुळगुळीत थरावर सकाळचं पाणी अजून साचलेलं. तिने काडी खोल खुपसून काढली. टोक कोरडं होतं. वरच्या चिखलात एक सोनेरी कण चमकला, आणि तिला आनंद लपवता येईना.

"विष असतं तर आधी आंबुशी मेली असती," ती भराभर सांगू लागली. "हे झाड तहानलंय. हा थर मैद्यासारख्या बारीक मातीचा आहे, पाणी खाली जाऊच देत नाही. आणि तिच्यात सोनेरी रंग आहे. मूर्तीच्या मुकुटाचा. हिंदुराव, विसर्जनाची बादली कुठे रिकामी केलीत?"

हिंदुराव पायरीवर बसले. "अनंताच्या मुळाशी. नाव जुळत होतं. वाटलं, बाप्पा घरीच राहील."

"पण माळ्याला थर दिसला नसेल?" प्रज्ञेशने विचारलं.

"दिसला. म्हणूनच त्याने हात लावला नाही."

"देवाची माती हाय ती," दत्तोबा हळूच म्हणाला. "तिच्यात खुरपं कसं घालू? आन मालकांनीच घातलेली. कुणाला सांगायचं?"

"थर अलगद उचला, खाली वाळू आणि शेणखत मिसळा. झाड जगेल," वल्लरी म्हणाली. "माती जपून ठेवा. पुढच्या वर्षी तिचीच मूर्ती करा."

हिंदुरावांनी बाह्या वर केल्या आणि कुंडीशी गुडघे टेकले. दत्तोबाकडे बघायचं त्यांना धाडस होत नव्हतं.

"हातानंच काढतो," ते म्हणाले. "कुठून सुरू करू, सांगा."

बावीस वर्षांत मालक त्याला पहिल्यांदाच 'सांगा' म्हणाले होते. दत्तोबा त्यांच्या शेजारी बसला.

"कडेनं घ्या," तो म्हणाला. "मधी मुळं वर हायत."