बिनसंवादाचा शेवट

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा झेनॉन तिथे दाखल असलेल्या बायकोसाठी, बोझेनासाठी, बीटचं सूप डब्यात भरत होता. फोन ठेवून त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग शेजारच्या यादविगाबाई आल्या आणि घरातलं माणूस गेलं की आरसा झाकायचा, या रीतीप्रमाणे त्यांनी आरशावर चादर टाकली.

चादर बघून त्याला तो सिनेमा आठवला.

तोरुन शहरातल्या फिल्म क्लबात परदेशी सिनेमा लागला की झेनॉन मागे माइकसमोर बसून सगळ्यांचे संवाद पोलिशमध्ये वाचायचा. बाई असो, बाप्या असो, आवाज एकच, सपाट. लग्नाआधीच्या एका संध्याकाळी एक चक्रम भयपट होता. एक बाई घरातल्या आरशांवर चादरी घालत जाते, आणि चादरींमागे कुणीतरी श्वास घेतं. झेनॉनची एक ओळ चुकली. पडद्यावर नवरा किंचाळला, आणि झेनॉन शांतपणे म्हणाला, "मला दिवस गेलेत."

भेदरलेल्या थिएटरात एकच मुलगी खदखदून हसली.

बाहेर पाऊस होता. ती दारातच उभी होती.

"अभिनंदन! कितवा महिना?"

त्याचे कान तापले. "तुम्ही... तुम्ही सिनेमा बिघडवलात."

"मी? नवऱ्याला दिवस गेलेत, असं कोण म्हणालं?"

"सिनेमाच तसला. अर्धा वेळ नुसत्या चादरी."

"पण त्या हलतात ना, तेव्हा वाटतं, आपल्याच घरात कुणीतरी... मला एकटीने घरी जायची भीती वाटतेय."

"खरंच?"

"छे! पण सोडायला या."

लग्नानंतरही तो सिनेमा लागला की दोघं जायचे. शेवटच्या भागात एकही संवाद नाही, म्हणून तिथे झेनॉन माइक सोडून तिच्याशेजारी येऊन बसायचा. ती त्याच्या खांद्यात तोंड खुपसायची.

"चादर काढली का रे तिने?"

"घरी सांगतो."

तो पडद्याकडे नाही, तिच्या केसांकडे बघत असायचा. घरी दर वेळी नवा शेवट रचायचा.

"खोटारड्या! मागच्या खेपेला तर ती समुद्रावर गेली होती! खरं कधी सांगणार?"

"पुढच्या वेळी. शपथ."

बोझेना गेल्यानंतरच्या वसंतात क्लबाने तो सिनेमा पुन्हा लावला. झेनॉनने सगळं वाचलं, एकही ओळ न चुकता. कुणी हसलं नाही. संवाद संपले तसा तो उठून नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसला. आज नीट बघायचं, तिला खरं सांगायचं, असं ठरवून आला होता. पण मान आपोआप शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली... आणि दिवे लागले तरी तिकडेच राहिली.

शेवट अजून बघायचा राहिलाय. घरातल्या आरशावरची चादरही काढायची राहिलीय.