एका घरात एकच हप्ता

शाळेच्या ओसरीत ऑनलाइन सेंटरवाल्या अंकुरने मोबाइल आचलच्या तोंडासमोर धरला.

"पापण्या मिटा... आता उघडा."

तिने मिटल्या, उघडल्या. पडद्यावरचं हिरवं वर्तुळ लाल झालं.

"चेहरा जुळत नाही म्हनते. असं राहिलं त पीएम किसानचा हप्ता अडकते." त्याने तिच्या आधारकार्डावरची गोबऱ्या गालांची पोरगी पाहिली, मग समोरची बाई. "हा फोटो..."

"लग्नाआधीचा हाय. तवा मी अशी नव्हती."

आचलचा नवरा वीज पडून गेला, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. त्याच्यामागं तीन एकर तिच्या नावावर झाली. घरात ती आणि सासू, दुर्गाबाई. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलेलं. पऱ्हाटीचं, कापसाचं जे यायचं ते बटईदार सांगेल तेवढं. दुर्गाबाईच्या शुगरच्या गोळ्या मात्र सरकारी हप्त्यातून यायच्या.

"भातकुलीले माह्या सेंटरवर या. नवा फोटो काढू," अंकुर म्हणाला.

ती गेली. सेंटरवर बायांची रांग. ताई, सरका. ताई, बोट ठेवा. तिची पाळी आली तसा त्याचा आवाज उतरला.

"आचल... इकडं पाहा."

"सगळ्यायले ताई म्हनता. मलेच काहून नाही?"

"तुमाले ताई म्हनलं त –" तो कॅमेऱ्यामागं लपला, "पुढं अडचन येईन."

"कोनाले?"

"मले!"

रांगेतल्या बाया खिदळल्या. फोटो हलला. दुसरा काढावा लागला.

हप्ता सुरू झाला, पण अंकुरचं येणं थांबलं नाही. कधी अमरावतीहून दुर्गाबाईच्या गोळ्या, कधी नुसतीच विचारपूस. म्हातारी त्याला चहा द्यायला सांगे आणि भिंतीकडे तोंड करून बसे.

वेचणीच्या ऐन दिवसांत अवकाळी आला. फुटलेला कापूस झाडावरच काळा पडत होता. गोठ्याच्या टिनाखाली दोघं उभी होती. अंकुरच्या भिजल्या बाहीचा गारवा तिच्या कोपराला लागला. तिनं कोपर मागं घेतलं नाही.

"लगन करता का माह्यासंगं?"

आचलनं पदर डोक्यावरून नीट ओढला.

"मंग हप्ता कोनाचा बंद होईन?"

"बाप्पा! म्या काय इचारलं अन् तुमी काय इचारता?"

"सांगा ना."

नियम त्याच्याइतका कोणाला ठाऊक! नवरा-बायको म्हणजे एक घर, आणि एका घरात एकच हप्ता. त्याच्या नावावरही हप्ता येतच होता.

"एकाचा होते बंद. बाबा म्हनतात, पोराचं शेत बापजाद्याचं... बाईचं नाव काढा."

"अन् तुमी काय म्हनता?"

तो भिजली बाही पिळू लागला.

"मंग जा," ती म्हणाली. "सासूच्या गोळ्या तोडून मले मांडव नाही घालायचा."

तो गेला. कापूस सडला. गोळ्या आणायला आचल स्वतः एस.टी.नं अमरावतीला जाऊ लागली. भातकुली आली की ती खिडकीबाहेर पाहत नसे.

मग एका संध्याकाळी तो पायी आला, हातात पिशवी.

"गाडी काय झाली?"

"बाबाच्या नावावर हाय." त्याने पिशवी खाली ठेवली. "म्या माहं नाव काढलं. एकदा सोडला की परत नाही भेटत हप्ता. त्यायनं मले घरातून काढलं."

"मले इचारलं नाही!"

"इचारलं असतं त नाही म्हनल्या असत्या."

"म्हनलीच असती," तिचा आवाज फाटला. "आता त्या सेंटरवर तीन पोटं कशी भरतीन?"

"नाही माहीत."

आतून दुर्गाबाई खोकली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आचल, माह्या पोराची खाट नोको देऊ त्याले."

"नाही देत, आई."

"ओसरीत सतरंजी टाक. लगन होईस्तोर तठीच निज म्हन त्याले." थोडं थांबून म्हातारी म्हणाली, "अन् मंग तुमची तुमी नवी खाट आना. त्या खाटेवर मले अजून तो दिसते."

आचल आत जाऊन सतरंजी घेऊन आली. अंकुर अजून दाराबाहेरच उभा होता.

"अंकुर," तिनं पहिल्यांदा त्याला नुसतं नावानं हाक मारली. "पाय धू. जेवाले ये."